तेराव्या वर्षी सांगितलेली गोष्ट

प्रिय मावशी,

मी सावंतवाडीजवळच्या एका शाळेत आठवी-नववीला इतिहास शिकवते. गेली तीन वर्षं मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत जमेल तशी एक कुमार कादंबरी लिहितेय. काळ १५६७ ते १५६९, ठिकाण जुनं गोवं. नायिका इनेस, तेरा वर्षांची. तिचं घराणं पोर्तुगालहून आलेलं. रविवारी चर्चमध्ये जाणारं, पण घरात चोरून ज्यू धर्म पाळणारं. शेवटी तिच्या आईला इन्क्विझिशनचे, म्हणजे ख्रिस्ती धर्म मोडणाऱ्यांची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचे लोक धरून नेतात, तेव्हा इनेस न्यायाधीशांसमोर उभी राहून ठणकावून सांगते, "होय, मी ज्यू आहे!" हा शेवट लिहिताना मी स्वतः रडले होते.

हस्तलिखित पहिल्यांदा भाचीला दिलं. ती आठवीत आहे, हातात पडेल ते वाचते. चाळिसाव्या पानावर तिने वही मिटली. म्हणाली, "आत्या, हिला सगळं पहिल्यापासूनच माहीत आहे, मग पुढे काय?" मग शेवटचं प्रकरण उघडलं, वाचलं आणि म्हणाली, "हे खोटं वाटतं."

एका प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं. छळाचे प्रसंग अजून रंगवा, नाहीतर मुलं खिळून राहणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आणि घरी सासरे म्हणतात, "गोव्यात आपल्या देवळांचं काय झालं ते लिही. ज्यूंचं तुला काय?" ते रागाने बोलत नाहीत, त्यांना खरंच वाईट वाटतं. मला उत्तर देता येत नाही.

पहिली पाच प्रकरणं आणि शेवट सोबत पाठवतेय. हे पुढे न्यावं की सोडून द्यावं? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

सावंतवाडीची एक शिक्षिका


प्रिय सावंतवाडीकर,

सोडून देऊ नकोस. पण तुझी भाची दोन्ही ठिकाणी बरोबर आहे, आणि तिने जिथे वही मिटली तिथूनच तुझी खरी कादंबरी सुरू होते. तिला माझ्याकडून शाबासकी दे.

पहिली गोष्ट. इनेसला पहिल्या पानावर काहीही माहीत असता कामा नये. हे मी कादंबरी रंगतदार व्हावी म्हणून सांगत नाही, इतिहासच तसा आहे. लपून धर्म पाळणाऱ्या या घरांतून मुलांना साधारण बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत, कधी त्याहून उशिरापर्यंत, काही सांगतच नसत. सहा वर्षांचं पोर चर्चच्या पायरीवर शेजारच्या मुलाला सहज सांगून मोकळं होईल, "आमच्याकडे शनिवारी चूल पेटत नाही." तेवढ्याने घर उठलं असतं. म्हणून मूल अगदी पक्कं ख्रिस्ती वाढायचं. बाप्तिस्मा, प्रार्थना, कन्फेशन, सगळं मनापासून. मेरीमातेवर त्याचा खरा जीव असायचा. आणि ज्यू म्हणजे कोण, तर ज्यांनी येशूला मारलं ते दुष्ट लोक, हेही ते मूल मनापासून मानायचं.

मग एक दिवस आई किंवा आजी दार लावून घ्यायची आणि सांगायची.

लुईस दे कार्वाहाल नावाचा स्पेनमध्ये जन्मलेला एक मुलगा होता. मेदिना देल काम्पो या गावी, चौदा वर्षांच्या आसपास, ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी त्याला हे कळलं. पुढे घरच्यांबरोबर तो मेक्सिकोला गेला आणि तिथे त्याने आपलं आयुष्य स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं. इतक्या वर्षांनीही त्याला तो दिवस आठवत होता. १५९६ साली मेक्सिको शहरात त्याला, त्याच्या आईला आणि बहिणींना जाळलं. त्याच्याबद्दल पुढे पुन्हा बोलायचं आहे.

आता तुझी इनेस बघ. तेरा वर्षं जिला ज्या माणसांची घृणा करायला शिकवलं, ती माणसं म्हणजे आपली आई, आपली आजी, आपण स्वतः. ज्या दिवशी तिला हे कळतं तो दिवस अभिमानाचा नसतो. तुझ्या दुसऱ्या प्रकरणात ती "माझ्या पूर्वजांचा प्राचीन धर्म" वगैरे म्हणते. नाही गं. ती आईचा हात झिडकारेल. रात्रभर झोपणार नाही. पुढच्या आठवड्यात कन्फेशनला गुडघे टेकेल तेव्हा जाळीपलीकडच्या पाद्र्याला काय सांगेल? लपवलं, तर अजून तिच्या मनात जो धर्म आहे त्याच्या दृष्टीने ते पाप. सांगितलं, तर आई जाते. तेरा वर्षांच्या मुलीपुढे याहून मोठा पेच मी कुठल्याही पुस्तकात घालू शकणार नाही, आणि तो तुला आयता मिळाला आहे. आठवीतल्या मुलामुलींना घरातली गोष्ट बाहेर न सांगण्याचं ओझं काय असतं ते चांगलं ठाऊक असतं. बापाचं पिणं, कुणाचं कर्ज, ताईचं मोडलेलं लग्न. मी पंचवीस वर्षं कुमारांसाठी लिहिलेली हस्तलिखितं वाचतेय; मुलं जिथे थांबून राहतात ती जागा बहुतेक वेळा हीच असते.

दुसरी गोष्ट, तुझ्या पाच प्रकरणांत आजी नाही. आजी आण. मी हिशेब केला. स्पेनच्या राजा-राणीने १४९२ च्या मार्चअखेर हुकूम काढून ज्यूंना देश सोडायला चार महिने दिले. हजारो लोक सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पण १४९६ च्या डिसेंबरात पोर्तुगालच्या मानुएल राजानेही तोच हुकूम काढला. त्याला खरं तर ही कामाची, पैशाची माणसं घालवायची नव्हती, ख्रिस्ती करून ठेवायची होती. म्हणून १४९७ च्या वसंतात, त्यांच्या वल्हांडणाच्या सणाच्या सुमाराला, चौदा वर्षांखालची मुलं आईबापांपासून ओढून नेऊन त्यांचा बाप्तिस्मा करण्याचा हुकूम निघाला. मुलं परत हवीत तर तुम्हीही बाप्तिस्मा घ्या. नंतर बंदरावर जहाजांची वाट बघत जमलेल्या मोठ्यांनाही जबरदस्तीने पाणी शिंपडून ख्रिस्ती करून टाकलं.

तुझ्या कादंबरीच्या आरंभी, १५६७ साली, इनेसची आजी शहात्तर वर्षांची असेल तर १४९७ साली ती सहा वर्षांची होती. म्हणजे ती त्या ओढून नेलेल्या मुलांपैकी एक असू शकते. गोष्ट सांगायचा अधिकार तिचा आहे. आणि ती सनावळ्या सांगणार नाही. तिला आठवेल एखाद्या परक्या बाईचा घट्ट धरलेला हात, डोक्यावरून मानेत ओघळलेलं गार पाणी, आणि घरी परत आल्यावर आईने ते पाणी पदराने पुसलं नाही, नुसती बघत बसली, एवढंच. (पदर नाही, पदर आपला. पोर्तुगीज बाईच्या अंगावर शाल घाल.) तू इतिहास शिकवतेस, म्हणून तुझ्या पहिल्या प्रकरणात सहा पानं सनावळीच आहे. ती सहा पानं आजीच्या मानेवरच्या त्या पाण्यात मावतात.

मधली वर्षं भराभर जाऊ देत. राजाने वीस वर्षं चौकशी करणार नाही असं वचन दिलं. १५०६ मध्ये लिस्बनला दंगल होऊन तीन दिवसांत दोन हजारांच्या आसपास नवे ख्रिस्ती, म्हणजे असे बाप्तिस्मा झालेले ज्यू, मारले गेले. १५३६ ला पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन आलं आणि १५६० ला गोव्यात. एवढं पुरे.

आता स्वयंपाकघर. तुझ्या लिखाणातला हा भाग सगळ्यात कच्चा आहे आणि हाच सगळ्यात श्रीमंत व्हायला हवा. हा धर्म वाचला तो घरात. देऊळ नाही, रब्बी म्हणजे धर्मगुरू नाही, पोथी सापडली तर मरण. मग उरलं काय? बायकांच्या हातातलं काम. शुक्रवारी दिवा घासून नवी वात. शुक्रवारी धुतलेल्या चादरी. मांसावरची चरबी काढून टाकणं, मांडीतली शीर ओढून काढणं. हरभरे, मांस, अंडी शुक्रवारीच हंडीत घालून विस्तव राखेने झाकून ठेवायचा, म्हणजे शनिवारी चूल न पेटवता ऊन अन्न मिळतं. कणीक मळली की तिचा छोटा गोळा विस्तवात टाकायचा. डुक्कर, ससा, खवले नसलेला मासा वर्ज्य. घरात कुणी गेलं की भांड्यांतलं पाणी ओतून टाकायचं. आणि केर काढायचा तो दारातून बाहेर नाही, दाराकडून आत, कारण कधीकाळी त्या चौकटीवर पवित्र लेख असायचा. चौकट कोरी झाली, झाडू तसाच वळत राहिला.

हे शेवटचं तू अजिबात सोडू नकोस. आपल्या वाचकाला ते एका क्षणात कळेल. तिन्हीसांजेला केर काढू नये, दिवा लागल्यावर केर बाहेर टाकू नये, हे आपण आजीच्या तोंडून ऐकत वाढलो आणि का असं कधी विचारलं नाही. इनेसनेही तेरा वर्षं असंच झाडलंय. तिला वाटत असेल, सगळेच असं झाडतात.

आणि आता भीती कशी येते बघ. इन्क्विझिशन गावात बसलं की चर्चमध्ये एक जाहीरनामा वाचला जायचा. त्यात हीच सगळी यादी असायची: कोण शुक्रवारी चादर बदलतं, कोण चरबी काढतं, कोण मरताना भिंतीकडे तोंड करतं. ज्याला असं काही माहीत असेल त्याने ठरलेल्या मुदतीत येऊन सांगावं, नाहीतर तोही दोषी. इनेस आपल्या मैत्रिणीशेजारी गर्दीत उभी आहे आणि वर एक माणूस सावकाश, स्पष्ट आवाजात तिच्या आईचं स्वयंपाकघर वाचून दाखवतोय. तुझ्या कादंबरीत हा प्रसंगच नाही! मी तुझ्या जागी असते तर आजीने सांगण्याच्याही आधी हा प्रसंग घातला असता. तिला तेव्हा काही ठाऊक नाही. नुसतं वाटतं, अरे, हे तर आमच्याकडेही करतात. मग घरी येऊन ती झाडू हातात घेते, आणि पहिल्यांदा तिचा हात थांबतो.

काही चुका सांगते, राग मानू नकोस. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात कपाटात हनुक्का या ज्यू सणाचा नऊ दिव्यांचा दीपवृक्ष आहे आणि आईला हिब्रू प्रार्थना तोंडपाठ आहेत. सत्तर वर्षं पोथ्यांशिवाय राहिलेल्यांजवळ हे असणं अवघड. काय टिकलं ते बघायचं तर पोर्तुगालच्या डोंगराळ भागातलं बेलमोंत बघ. १९१७ साली सॅम्युएल श्वार्झ नावाच्या पोलिश खाण-इंजिनिअरला तिथे असे लपलेले ज्यू भेटले, तोवर टिकलेले. आपल्याशिवाय जगात दुसरे ज्यू उरले असतील यावर त्यांचा विश्वास बसेना. त्याने हिब्रू प्रार्थना म्हटली तेव्हा तिथल्या म्हातारीला त्यातला एकच शब्द ओळखू आला, अदोनाय, म्हणजे प्रभू. बाकी प्रार्थना पोर्तुगीजमध्ये, बायकांनी मुलींना पाठ करवलेल्या. प्रायश्चित्ताचा उपास टिकला, वल्हांडण टिकलं, पण तेही कुणाला संशय येऊ नये म्हणून खऱ्या तिथीनंतर काही दिवसांनी. आणि एस्तेर राणीचा उपास टिकला. का, ते उघड आहे: एस्तेरही राजवाड्यात आपली ओळख लपवून राहिली होती. त्या तिला संत एस्तेर म्हणत! इनेसच्या आजीच्या तोंडी हे एक नाव ठेव, हनुक्का काढून टाक.

आजीला कुणी "बुबे" म्हणणार नाही, तो यिडिश शब्द पूर्व युरोपातल्या ज्यूंचा. इनेस पोर्तुगीजच बोलेल, "अव्हो" म्हणेल. जेवणात बटाटा नको, तो गोव्यात इतक्या लवकर नाही. "मारानो" हा शब्द तू निवेदनात सरसकट वापरलास. तो त्यांना दिलेली शिवी आहे, डुकरावरून. शत्रूच्या तोंडी राहू दे. सरकारी कागदांत "नवे ख्रिस्ती" असे, ते स्वतःला "नेशनची माणसं" म्हणवत.

आता तुझा शेवट. भाचीला तो खोटा का वाटला ते तिला सांगता आलं नसेल, मी सांगते. इनेस म्हणते, "होय, मी ज्यू आहे." ठीक. न्यायाधीश पुढचा प्रश्न काय विचारील?

"तुला हे कुणी शिकवलं?"

संपलं. तुझ्या नायिकेने एका वाक्यात आईला आणि आजीला चितेवर चढवलं. तू रडलीस ते तिच्या धैर्यावर, पण त्या खोलीत ते धैर्य नव्हतं. त्या कोर्टाची रीत समजून घे. आरोपीला कुणी तक्रार केली हे सांगत नसत. काय केलं म्हणून धरलंय तेही धड सांगत नसत. "आपलं मन तपासा आणि खरं बोला," एवढंच पुन्हा पुन्हा. नुसती स्वतःची कबुली पुरत नसे. सोबत कोण होतं, त्यांची नावं सांगितल्याशिवाय कबुली पुरी मानत नसत. म्हणून माणसं अंदाजाने नावं घेत, आणि ती नावं बहुतेक वेळा घरचीच असत. मघाशी सांगितलेल्या लुईसने उघडपणे आपला धर्म सांगितला, पण यातनांखाली शंभराहून जास्त नावं त्याच्याकडून काढून घेतली, आई-बहिणींसकट. आणि याच लुईसने पूर्वी कोठडीतून फळांत लपवून बहिणींना धीराच्या चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. दोन्ही तोच माणूस. त्याला भ्याड म्हणायची हिंमत मला नाही.

म्हणून इनेसला खोटं बोलू दे. शांतपणे, डोळ्यांत डोळे घालून, क्रॉसवर हात ठेवून. "आमच्याकडे केर दारातून बाहेरच काढतात, पाद्रे." तेरा वर्षं जिला खोटं बोलणं पाप आहे असं शिकवलं तिने उच्चारलेलं हे वाक्य. ते पुरेल का, आई सुटेल का, हे तू ठरव. पण वाचणारी मुलगी इथे श्वास रोखील याची मला खात्री आहे.

तुझ्या हाताशी गोव्यातलंच एक घर आहे आणि तू त्याला फक्त एका ओळीत उरकलंस याचं मला आश्चर्य वाटलं. गार्सिया द ओर्ता. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंचा मुलगा, नावाजलेला वैद्य, १५३४ साली भारतात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे औषधोपचाराला जायचा. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३ साली गोव्यात त्याचं औषधी वनस्पतींवरचं संवादरूप पुस्तक छापलं गेलं, त्यात आपले आंबे आहेत, आणि पटकीच्या रोगासाठी त्याने दिलेलं इथलं नाव आपल्या "मोडशी"चंच रूप आहे. कोकणातल्या कुणा रुग्णाच्या तोंडून त्याने तो शब्द ऐकला असेल! त्याची आई आणि बहिणी लिस्बनला तुरुंगात जाऊन आलेल्या, १५४९ मध्ये गोव्याला त्याच्याकडे पोचल्या. तो १५६८ ला गेला, अंथरुणात, मानमरातबात. त्यानंतर त्याची बहीण कातारिना धरली गेली आणि १५६९ च्या ऑक्टोबरात गोव्यात तिला जाळलं. ओर्ता स्वतःही मोझेसचा, म्हणजे ज्यूंचा धर्मच खरा मानत असे, हे त्याच्या मेहुण्याच्या जबाबात आलं. १५८० साली त्याची हाडं उकरून काढून जाळली.

तुझी इनेस या काळात त्याच गल्लीत राहते. तिने म्हाताऱ्या वैद्याच्या बागेत फळं वेचली असतील. त्याची अंत्ययात्रा बघितली असेल. वर्षभरात कातारिना. सहलीला मुलांना पणजीला नेतेस ना? तिथली नगरपालिकेची बाग त्याच्याच नावाची आहे. मुलं तिथे डबे खातात. ओर्ताला कादंबरीभर आणू नकोस, तो सगळी जागा खाईल. पण कातारिनाला एकदा इनेसच्या आईच्या स्वयंपाकघरात बसव. दोघी काही खास बोलत नाहीत. नुसते हरभरे निवडतात.

छळ किती दाखवायचा? प्रकाशकांचं मी ऐकणार नाही. एकही दोर, एकही चाक दाखवायची गरज नाही. अटक झाली की कारकून घरी येऊन सामानाची यादी करायचा, कारण मालमत्ता जप्त व्हायची. तो प्रसंग लिही. पितळी दिवा एक. चादरी सहा, त्यांपैकी जुन्या दोन. हंडी एक, मातीची. इनेस दारात उभी आहे, तिच्या अंथरुणातली चादर तो उलगडून बघतोय आणि विचारतोय, ही कधी धुतली? पुढे शिक्षा झालेल्यांना घालायचा पिवळा झगा, तोही पुरे. चितेजवळ कादंबरीने जाऊ नये. इनेसला गेलं तर गेलं, तिला गर्दीच्या पाठी ठेव, पुढच्या माणसाची पाठ दिसू दे.

आता सासरे. त्यांना टाळू नकोस, त्यांचं दुःख खरं आहे. ज्या १५६० साली हे न्यायालय गोव्यात बसलं, त्याच साली मंगेशाला कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळला न्यावं लागलं. अ. का. प्रियोळकरांसारख्या आपल्या अभ्यासकाने या न्यायालयाचा इतिहास १९६१ साली इंग्रजीत लिहिला, तो त्यांना वाचायला मिळाला तर दे. सोळा हजारांहून जास्त माणसांवर तिथे खटले झाले. सुरुवातीला डोळा मुख्यतः या नव्या ख्रिस्त्यांवर होता, पुढे बहुतेक आरोपी इथलेच, बाप्तिस्मा झालेले आपले कोकणी लोक, घरात जुनं काही पाळलं म्हणून. यादी तशीच: चूल, सण, पान, फूल. त्या इमारतीला लोक कोकणीत "व्हडलें घर" म्हणत. आज तिथे घर नाही, से कॅथेड्रलजवळ मोकळी जागा आहे. मी एकदा पावसात तिथे उभी राहिले होते. गवत होतं नुसतं.

तुझ्याकडे मारिया नावाची कोकणी मोलकरीण आहे आणि तिला तू चहाडखोर केलंस. तिला पुन्हा लिही. तिचंही आधीचं नाव आहे, तीही काहीतरी लपवते. इनेसच्या घरातलं सगळं तिला दिसतं, आणि जाहीरनामा तिनेही ऐकलाय. ती सांगेल की नाही, हा प्रश्न सासऱ्यांनाही पुस्तकाशी बांधून ठेवील, कारण ती त्यांचीच आहे. आणि तुझ्या वर्गात फर्नांडिस असतील, डिसोझा असतील. त्यांचे पूर्वज मारियाच्या बाजूला होते, न्यायाधीशांच्या नव्हे. त्यांना मान खाली घालून वाचावं लागेल असं एकही वाक्य ठेवू नकोस.

आणखी एक गोष्ट सासऱ्यांना सांग, त्यांना आवडेल. ओर्ताच्या मुंबईसमोर, खाडीपलीकडे अलिबागच्या बाजूला आपले बेने इस्रायल राहत आले. परंपरेने तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. लोकांनी त्यांना काय म्हटलं? शनिवार तेली. बस्स. जातीसारखं एक नाव पडलं, आणि शनिवारी घाणा बंद राहिला. गोव्यात शनिवारी चूल न पेटणं हा जिवावरचा पुरावा, आणि किनाऱ्याने थोडं वर गेलं की तीच गोष्ट आडनावासारखी उघड. खाली कोचीनला बघ: ओर्ता मेला त्या १५६८ सालीच तिथल्या राजाच्या आश्रयाने परदेशी ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभं राहिलं, त्यात स्पेन-पोर्तुगालहून पळालेले होतेच. इनेसच्या आजीने असं काही कुणा खलाशाकडून ऐकलं तर? "तिथे ते दिवा खिडकीत लावतात म्हणे." एवढंच वाक्य. इनेस तिथवर पोचते की नाही ते मला आत्ता कळायला नको.

पावसाळा आहे, शाळेचं काम असेल. पहिलं प्रकरण तेवढं नव्याने लिही: चर्च, जाहीरनामा, झाडू. मग भाचीला दे. वाचून दाखवू नकोस, तिला एकटीला वाचू दे, आणि या वेळी ती कुठल्या पानावर थांबली ते मला कळव.

तुझी,
मावशी